मामाचा दहावा, आमच्या टीव्हीवर

मामाचा दहावा मी आईला टीव्हीवर दाखवला. हे नुसतं लिहितानासुद्धा कानाच्या पाळ्या तापतात. परदेशात असतो तर एक वेळ ठीक होतं. आम्ही राहतो मोशीत आणि आईचं माहेर निघोज्याला. रोज कंपनीच्या बसनं चाकणला जाताना त्या गावाचा फाटा वाटेतच लागतो. एवढ्याशा अंतरासाठी सख्ख्या बहिणीला भावाच्या दहाव्याला न नेता टीव्हीसमोर बसवून ठेवणारा दिवटा म्हणजे मी.

झालं असं की मला टीव्हीचं भारी वेड. नवा फ्लॅट घेतला तेव्हा केबलवाल्याला हाकललं आणि इंटरनेटवर चालणारा, अर्धी भिंत खाणारा टीव्ही आणला. रिमोटमध्ये बोललं की चॅनेल लागतं. दाराची बेल वाजली की बाहेर कोण उभं आहे ते मोबाईलवर दिसतं. हॉलमधला दिवा नुसत्या हाकेवर लागतो, म्हणजे मूड असला तर लागतो. आई त्या दिव्याला 'अगं बाई, लाग की आता' असं म्हणायची आणि तो ढिम्म लागायचा नाही. मग ती उठून बटण दाबायची. मी आल्यागेल्याला हे सगळं फिरून दाखवायचो. बायको म्हणायची, 'तिकीट लावा आता.'

या टीव्हीचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक म्हणजे मामा. आईचा थोरला भाऊ. उभा जन्म बैलगाड्यात गेला माणसाचा. आमच्याकडे शर्यतीत एका वेळी एकच गाडा घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या मैदानाच्या, चढावर सोडतात, त्याला बारी म्हणतात, आणि कुठल्या गाड्याची बारी किती सेकंदांत झाली यावरून माणसं वर्षभर भांडतात. हल्ली या शर्यती इंटरनेटवर थेट दाखवतात. यात्रेचा हंगाम आला की मामा रविवारी सकाळीच आमच्या दारात हजर. खांद्यावर टॉवेल, हातात मेथीच्या नाहीतर कांद्याच्या पातीच्या जुड्या. सोफ्यावर कधी बसायचा नाही. खाली फरशीवर, सोफ्याला पाठ टेकून बसायचा आणि आई त्याच्या शेजारी पाय लांब करून लसूण सोलत बसायची. बारी सुटली की मामा अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा ओरडायचा. भिर्रर्र! मग आईकडे वळून, 'बघितलास का डावा बैल? कसा गेला?' आईला बैलातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती म्हणायची, 'व्हय दादा, लई भारी.'

खरं सांगायचं तर मला ते नकोसं व्हायचं. तोंडानं कधी बोललो नाही, पण कपाळावरच्या आठ्या कुठं लपतात? पांढऱ्या भिंतीला टेकलेलं त्याचं तेलकट डोकं, तंबाखूची पिशवी, खिडकीतून खाली पिचकारी. एवढा मोठा टीव्ही काय बैलं बघायला घेतला का, असं मनात यायचं.

अशाच एका रविवारी आमच्या कंपनीतले साहेब सपत्नीक घर बघायला आले. मी मुद्दाम बोलावलं होतं. बढतीचं घाटत होतं तेव्हा. आणि मामा नेमका त्याच दिवशी टपकला. साहेब सोफ्यावर, त्यांच्या पायाशी मामा, आणि टीव्हीवर धुरळा. मामा गप बसेल तर शपथ! साहेबांच्या बाईंनी पदर सावरून पाय जरा आखडून घेतले.  मी फक्त आईकडे बघितलं.

आईनं माझं तोंड बघितलं आणि झटकन म्हणाली, 'दादा, बंद कर ते आता. हे काय घाटाचं मैदान हाय व्हय? बघायचं तर आपल्या घरी बसून बघावं माणसानं.'

मामानं तिच्याकडे बघितलं. मग 'व्हय, व्हय,' म्हणत उठला, टोपी झटकली, साहेबांना रामराम घातला आणि चहा न घेता गेला. तो पुन्हा आला नाही. त्या वर्षी भाऊबीजेलाही नाही. आईनं फोन केला तर शेतात काम हाय म्हणाला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तिला जाता आलं नाही. 'जरा बरं वाटलं की जाते, समोरासमोर बोलते,' एवढंच ती म्हणत राहिली. आणि एके दिवशी गोठ्यातच मामाच्या छातीत कळ आली आणि खेळ खलास.

मातीला आईला आधार देत नेलं. तिथं ती रडलीसुद्धा नाही धड. घरी आल्यावर म्हणाली, 'दहाव्याला जायाचं हां. मला बोलायचंय त्याच्याशी.'

बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल, पण आमच्याकडे कुणालाच समजावून सांगावं लागत नाही. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला नाही तर गेलेल्याचं काहीतरी मागं राहिलंय, असं धरतात. मग एकेक जण पुढे होऊन त्याला शब्द देतो. पोरीचं लग्न लावतो, भावाभावात भांडण करणार नाही, असं काहीबाही. तेवढाच शेवटचा बोलण्याचा वेळ. त्यानंतर संपलंच.

तर मामाच्या दहाव्याची लिंक आली नातेवाइकांच्या ग्रुपवर. शर्यती दाखवणाऱ्या पोरांना मामा जिवाभावाचा, त्यांनीच कॅमेरे लावले होते. लिंक बघितली आणि माझं डोकं चाललं. चालायला नको तिथं ते नेमकं चालतं. म्हटलं, 'आई, नदीच्या घाटाच्या पायऱ्या तुला जमायच्या नाहीत. गर्दी असणार, पुढाऱ्यांची भाषणं असणार. इथं बसून तुला सगळं तिथल्यापेक्षा जवळून दिसेल.' गुडघ्याचं कारण खोटं नव्हतं. पण माझ्या मनात दुसरंच होतं. त्या माणसांत जाऊन उभं राहायची मला लाज वाटत होती. मामा आमच्या दारातून कसा उठून गेला हे तिथं सगळ्यांना ठाऊक असणार.

आईनं भिंतीवरच्या टीव्हीकडे बघितलं. मग म्हणाली, 'इकडनं त्याला ऐकू जाईल का?'

'का नाही जाणार?' असं म्हणालो मी. चक्क असं म्हणालो.

सकाळी आई अंघोळ करून, डोक्यावरून पदर घेऊन टीव्हीसमोर बसली. सोफ्यावर नाही, खाली. पडद्यावर मामाचा हार घातलेला फोटो आणि बाजूनं भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग वर सरकतेय. कुणी अंगठा टाकलाय, कुणी चुकून हसरं तोंड. एक पुढारी दुसऱ्या पुढाऱ्याचं कौतुक करतोय. आईनं सगळं निमूट ऐकलं. शेवटी कॅमेरा नदीकडे वळला. पत्रावळीवर पिंड, मागं झाडावर दोन कावळे आणि इकडे हात जोडून माणसं. माइक राहिला भाषणाच्या जागी, तिथं भजन चाललेलं. त्यामुळे पिंडापाशी कोण काय बोलतंय ते आम्हाला कळेना. नुसते ओठ हलताना दिसायचे.

कावळा काही उतरेना. एकेक माणूस वाकून बोलून मागं सरकत होता. मामाचा मुलगा पुढे झाला, माझा मामेभाऊ. तो वाकला तशी आईनंही हात जोडले.

नेमका तेव्हा माझा मोबाईल थरथरला. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, 'शिवला. बैल विकणार नाही म्हटल्याबरोबर शिवला.'

मी टीव्हीकडे बघितलं. पिंड तसंच. मामेभाऊ अजून वाकलेलाच. काय झालं ते लगेच कळलं मला, कारण आमच्या टीव्हीची ही खोड मला पाठ होती. इंटरनेटवरचं थेट म्हणजे काही अगदी थेट नसतं, ते मागून येतं. क्रिकेटच्या दिवशी वरच्या मजल्यावरचे जुन्या केबलवाले आधी ओरडतात आणि आमच्याकडे बॉलर अजून धावतच असतो. तिकडे घाटावर सगळं आटोपलं होतं. माणसं उठायला लागली असतील. आणि इकडे माझी आई घसा खाकरून बोलायला सुरुवात करत होती.

मोठ्यानं बोलली ती. लांबच्या माणसाला हाक मारावी तशी.

'दादा, मी बोलते रं. तुला मी उठवला माझ्या दारातनं. ते मनातलं न्हवतं दादा. पोराचं तोंड बघून बोलले मी. त्याची मोठी माणसं आलती, त्याचं वाईट व्हायला नगो म्हणून बोलले. तुझ्यापेक्षा मला त्याची धास्ती जास्त वाटली. चुकलं माझं. आता राग सोड आन् जा.'

मी तिच्या मागं मोबाईल मुठीत धरून उभा. मला वाटत होतं, त्या दिवशीचं माझं बघणं तिला कळलं नाही. एवढे दिवस वाटत होतं की तिनं आपणहूनच भावाला सुनावलं आणि आपण नामानिराळे! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आणि पडद्यावर कावळा उतरला. उडत आला, पिंडाला चोच मारली, गेला.

आई आधी हसली आणि मग ढसाढसा रडली. 'ऐकलं रं! ऐकलं माझं दादानं. बघितलास का? माझं बोलणं संपलं आन् आला.' माझा हात धरून ती विचारत होती, 'बघितलास ना तू?'

'हो,' म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? पण हो म्हणतानाही पहिला विचार कसला आला सांगू? ग्रुपवरचा तो मेसेज हिला कुणी वाचून दाखवला तर? आईचा जीव हलका झाला याचा आनंद नाही, माझं बिंग फुटू नये याची काळजी. इतका मी हलकट.

तेराव्याला तिला नेण्यावाचून इलाज नव्हता. वाटेत गाडीत ती तेच घोकत होती, गेल्यावर सगळ्यांना सांगते म्हणून. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. ओसरीवर बायका बसल्या होत्या, पुरुष अंगणात. आईनं टेकल्या टेकल्या सुरू केलं. 'अगं, माझ्या शब्दाला शिवला कावळा. मी टीव्हीम्होरं बसून बोलले आन् लगेच आला.'

ओसरीवरच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. तिथं बसलेली एकूण एक बाई त्या दिवशी घाटावर होती. बैलाचा शब्द दिला आणि कावळा आला, हे साऱ्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. एक म्हातारी म्हणाली, 'पर तवा तर पोरानं...' आणि अडखळली. आई तिच्याकडे बघायला लागली. 

मामेभाऊ पाण्याचे तांबे घेऊन चालला होता. तो थांबला. त्यानं तांबे खाली ठेवले.

'व्हय आत्या,' तो म्हणाला. 'मी बैलांचं बोललो, तरी तो फांदीवर बसूनच व्हता. तुझं बोलणं झालं तवाच उठला. आमी म्हनलंच, कुणाची वाट बघतोय ह्यो.'

म्हातारीनं मान डोलावली. 'व्हय की,' म्हणाली. मग बाकीच्याही व्हय व्हय म्हणाल्या. बापानं शेवटचं ऐकलं ते मामेभावाचं, हे भाग्य त्याचं होतं, आणि त्यानं ते उचलून माझ्या आईच्या ओटीत घातलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पंगत उठल्यावर मी त्याला गोठ्यापाशी गाठलं. म्हटलं, 'भावा, ते टीव्हीचं... आमच्याकडे जरा उशिरा दिसतं. मला माहीत होतं. मी तिला...'

'ठाव हाय मला,' तो म्हणाला. बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होता. 'आमचे अण्णा सांगायचे की. तुझ्याकडं बसल्यावर शर्यतीच्या घाटातनं दोस्ताचा फोन यायचा त्यांना, बारी किती सेकंदाची झाली ते. निकाल आधीच कळायचा. मी म्हनायचो, मग एवढ्या लांब कशाला जाता, शर्यत तर सरलेली असती. तर म्हनायचे, शर्यत बघायला कोण जातंय? तेवढाच वेळ बहिणीजवळ बसायला मिळतं.'

मी तिथंच उभा राहिलो. आत ओसरीवर आई नव्यानं आलेल्या कुणाला तरी कावळ्याचं सांगत होती, आणि मला आत जायचं धाडस होईना.