आत्याची तीन उत्तरं

सुलोचनाआत्या गेल्याचा प्रमोदचा फोन आला तेव्हा मी रत्नागिरीच्या बाजारात मासे साफ करून घेत होते. मी ‘बरं’ म्हणाले, पिशवी उचलली, घरी आले आणि मासे धुवायला लागले. रडू आलं नाही. डोक्यात एकच होतं… आता खरं कोण सांगणार?

आत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. लवकर विधवा झाली आणि लहानग्या मुलाला, प्रमोदला, कडेवर घेऊन राजापूर तालुक्यातल्या आमच्या बौद्धवाडीत परत आली, ती कायमची. तिच्या पाठचा भाऊ, आमचा वसंतकाका, मुंबईला गिरणीत होता. एका शिमग्याला तो गावी आला आणि वाडीतल्या बाप्यांना म्हणाला, आपण बौद्ध झालो, आता देवीच्या पालखीपुढं ढोल वाजवायला जायचं नाही. त्या वर्षी वाडीचा ढोल वाजला नाही. शिमगा संपायच्या आत काका चिऱ्याच्या खाणीत मेलेला सापडला. पाय घसरून पडला, असं कागदावर लागलं. आजोबा गप्प बसले, कारण वाडीची मजुरी वरच्या आळीतल्या सवर्णांच्याच हातात होती. आत्या मात्र बोलत राहिली. पोलीस, वकील, मतं मागायला येणारा प्रत्येक पुढारी… वसंताला मारलं, जातीवरून मारलं, हे ती सगळ्यांना सांगायची. पुढं पुढं तर ती दिसली की लोक वाट बदलत. आम्हीही वैतागायचो.

आणि गेल्या वर्षी वरच्या आळीतल्या शेवंतीबाई स्वतःहून तिच्या दारात आल्या. काका मेला तेव्हा त्या नवी नवरी होत्या. काजूच्या बागेत लाकडं गोळा करताना त्यांनी पाहिलं होतं… त्यांचा नवरा, सासरा आणि दीर, तिघांनी मिळून काकाला खाणीच्या कडेवरून ढकललं. आत्ताच का सांगताय, असं प्रमोदनं विचारलं. नवरा गेल्यापासून झोप लागत नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “एवढी वर्षं मी तुला रस्त्यात दिसत होते ना?”

“व्हय,” शेवंतीबाई म्हणाल्या.

आत्या उठली आणि चहा ठेवायला आत गेली.

शेवंतीबाईंनी जबाब दिला. तिघांपैकी दीर तेवढा जिवंत होता. त्यानं न्यायाधीशांसमोर कबूल केलं आणि वयामुळे जामिनावर घरी आला. खटला अजून उभा राहायचाय. वाडीत पेढे वाटले गेले. आत्यानं पेढा हातात घेतला आणि तसाच ताटलीत ठेवला. आनंद नाही, रडणं नाही; उलट सगळ्यांवर चिडचिड. माझं काही चुकतंय का, तेच मला कळेना. जन्मभर हेच तर हवं होतं तिला!

मग एका दुपारी तिनं प्रमोदला गाडी काढायला लावली आणि ती थेट त्या दिराच्या घरी गेली. प्रमोद अंगणातच थांबला. ती लवकर बाहेर आली. त्याला एकच गोष्ट विचारली, म्हणाली. वसंत शेवटी काय बोलला?

त्याचं उत्तर तिनं प्रमोदला सांगितलं: काकानं आईला हाक मारली. मला फोनवर म्हणाली, “काय नाय गो, एक शब्द नाय बोलला.” आणि शेवंतीबाईंना सांगितलं की वसंत म्हणाला, पुढच्या वर्षीही ढोल वाजायचा नाही. तिच्या जलदानविधीला प्रमोद, शेवंतीबाई आणि मी शेजारी बसलो होतो, तेव्हा बोलता बोलता हे बाहेर पडलं. नंतर प्रमोद त्या म्हाताऱ्याकडे जाऊन आला. तो म्हणतो, माझ्याकडे कोणी बाई आलीच नव्हती. विसरला, की खोटं बोलतोय… की आत गेल्यावर आत्याच त्याच्यासमोर गेली नाही? ज्याला जे झेपेल ते तिनं दिलं, असं प्रमोद म्हणतो. मला तसं वाटत नाही. मग कसं वाटतं, तेही सांगता येत नाही.

आत्या कायम खाणीकडे पाठ करून बसायची. शेवटच्या महिन्यात तिनं पडवीतली खुर्ची फिरवून घेतली होती. खाणीत आता पाणी साठलंय, कडेनं रान माजलंय. काय बघतेस, मी विचारलं होतं. “बसलेय नुसती,” ती म्हणाली. परवा मी गावी गेले तेव्हा प्रमोदच्या बायकोनं झाडताना खुर्ची भिंतीकडे सरकवली होती. मी ती परत खाणीकडे वळवली. बसले मात्र नाही.