कॅमेऱ्याला नजर लागू नये म्हणून

चार वर्षांपूर्वी मी सहासष्ट वर्षांची होते. वयाने पिकलेली आणि अकलेने हिरवीगार. त्या बाईची आठवण झाली की तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो, पण पाठ माझीच, आणि ती आता दुखते.

पालीला, राजगडाच्या पायथ्याशी, रस्त्याकडेच्या आमच्या वावरात मुलाने गडावर येणाऱ्यांसाठी चार खोल्या बांधायला काढल्या होत्या. मुलगा पुण्यात नोकरीला, ठेकेदार भोरचा, आणि सामानावर लक्ष ठेवायला हिर्डोशीकडचा एक राखणदार. चाळिशीतला, तोंडातून शब्द मोजून काढणारा माणूस. भातकापणी आटोपून तो आणि त्याची बायको आले आणि बांधकामाच्या कडेला पत्र्याच्या खोपटात राहू लागले. पहिल्याच पंधरवड्यात सळईचे तुकडे आणि पाण्याची मोटर गेली. मग मुलाने कॅमेरा बसवला.

तो जिन्याच्या वरच्या पायरीजवळ, खांबाला. सिमकार्डावर चालायचा, वर सोलरचं पान. समोर काही हललं की मुलाच्या मोबाईलवर टिंग वाजायचं. त्याने पुण्यात बटण दाबलं की इथे भोंगा वाजायचा, आणि तो तिकडून बोलला की आवाज खांबातून यायचा. पहिल्या दिवशी खांब म्हणाला, "आई, चहा झाला का?" आणि मी गडबडीने डोक्यावर पदर घेतला.

शेजारीण बघायला आली. मान वर करून म्हणाली, "अगं बया, लईच देखना हाय की! आमच्या गोठ्याला बी असा पायजे."

झालं. तिची नजर गावात सगळ्यांना ठाऊक. तिने म्हशीला चांगलं म्हटलं की म्हैस दोन दिवस पान्हवत नाही. नव्या बांधकामाला आपण काळी बाहुली उलटी टांगतोच. मी म्हटलं, एवढ्या महागाच्या यंत्राला का नको? जुन्या काळ्या परकराची बाहुली शिवली, शर्टाच्या पांढऱ्या बटणांचे डोळे लावले आणि जिन्यावर चढून सोलरच्या पानाला वीतभर दोरीने टांगली. मुलाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो हसला असता, आणि मला कुणी हसलेलं तेव्हा चालत नसे. आता मी स्वतःच हसते.

दुपारी गडाकडून वारा सुटला की बाहुली झोके घ्यायची, आणि पुण्यात टिंग, टिंग, टिंग. मुलगा फोनवर वैतागायचा. "आई, कॅमेऱ्यासमोर सारखं काळं काहीतरी फडफडतंय. कावळे बसतात का तिथं?"

"बसत असतील," मी म्हणाले. "कावळ्याला कोन सांगनार?"

शेवटी कंटाळून त्याने टिंग बंद करून टाकलं.

मुलाने एक नियम घालून दिला होता. जागेवर कायम कुणीतरी हवंच. बाजाराच्या दिवशी गवंडी-मजूर सुट्टीवर, राखणदाराची बायकोही वेल्ह्याला बाजाराला गेलेली. मला नाचणीची भाकरी खायची हुक्की आली. नाचणी राखणदारानेच गावाकडून आणून दिली होती. मी पिशवी घेऊन बांधकामावर गेले. "जा, एवढी दळून आन."

तो घुटमळला. "दादांनी जागा सोडू नको म्हनून सांगितलंय, मावशी."

"अरं, म्या हाय की हितं! म्या काय मानूस न्हाई व्हय?"

तो गेला. आणि ही माणूस काय करते? पाच मिनिटं वाळूच्या ढिगाजवळ बसली, कंटाळली, आणि शेजारणीकडे गप्पा मारायला गेली. कॅमेरा आहे की राखायला! शिवाय त्याला बाहुली आहे. दुहेरी बंदोबस्त.

परत आले तेव्हा तो दळण घेऊन जिन्याखाली उभा होता. स्लॅबसाठी रचून ठेवलेल्या सेंट्रिंगच्या प्लेटा गायब. लोखंडी प्लेटांची अख्खी चळत होती, त्या जागी चिखलात टायरचे वण.

संध्याकाळी मुलगा-सून पुण्याहून आले; आमच्या ओट्यावर मुलगा आणि ठेकेदार मोबाईल घेऊन बसले. मी मागून बघत होते. पडद्यावर रिकामं बांधकाम, वाऱ्याने हलणारं गवत, मग कडेला एका पांढऱ्या टेम्पोचं नाक दिसलं, आणि त्याच क्षणी पडदा काळा. पाऊण तास काळाच. मग पुन्हा उजेड, आणि प्लेटा नाहीत.

"फडकं टाकलंय," ठेकेदार म्हणाला. "ज्याला कॅमेरा ठाऊक, त्यानंच टाकलंय. बाहेरच्याला कसं कळंल?"

त्या काळ्यात कोपऱ्याला एक पांढरा ठिपका होता. त्याला चार भोकं होती. बटण मी ओळखलं. वाऱ्याने बाहुलीच काचेवर येऊन अडकली होती. माझ्याच हाताने लावलेलं, दुहेरी दोऱ्याने.

राखणदाराला बोलावलं. तो पायरीखाली उभा राहिला.

"कुठं होतास रं दुपारी?" ठेकेदाराने विचारलं.

"जरा भाईर गेलतो."

"भाईर कुठं?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही. "गेलतो जरा," एवढंच पुन्हा म्हणाला.

मुलाचा नियम माझ्यामुळे मोडला हे तो सांगत नव्हता, आणि मीही सांगत नव्हते. तो माझी अब्रू राखत होता, आणि मीसुद्धा माझीच. ठेकेदाराने त्याचा मोबाईल काढून घेतला. "कुनाला फोन लावलेस ते पोलीस बघतील. उद्या सकाळी तक्रार, आनि नाव तुझंच." मुलगा मान खाली घालून बसला, पण नको म्हणाला नाही.

मी आत जाऊन भाकरी थापली. नाचणीची. ती सगळी खाल्ली, नाहीतर सुनेने काय झालं म्हणून विचारलं असतं.

सकाळी मुलगा आणि ठेकेदार पोलीस ठाण्यात जायला निघाले आणि माझ्या डोक्यात एक शहाणपणाचा विचार आला. त्या बाईचे शहाणपणाचे विचार असेच असायचे. बाहुली गुपचूप काढून टाकायची. बाहुली नसेल तर फडकं कुणाचं हे कुणालाच कळणार नाही, आणि प्रकरण आपोआप विझेल. राखणदाराचं काय, याच्यापर्यंत तो विचार पोचलाच नाही.

कोयता पदराखाली घेऊन बांधकामावर गेले. खोपटासमोर त्याची बायको भांडी गाठोड्यात बांधत होती. चुलीवर पाणी ओतलेलं, राख ओली. तो विटांच्या थराला टेकून नुसता बसला होता. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही. जिना चढले, भिंतीला हात लावत वर पोचले, एका हातात बाहुली धरली आणि कोयता उगारला.

भोंगा असा ठणाणला की खालच्या झाडावरची पाखरं उठली. मुलाने कालच टिंग पुन्हा चालू केलं होतं.

"कोण आहे? हात वर!" खांबातून मुलाचा आवाज. मग भोंगा थांबला. "आई? कोयता घेऊन काय करतीयेस?"

"काय न्हाई. कोळ्याची जाळी झालीया."

"आई, तुझ्या हातात ते काळं काय आहे?"

बाहुली डोळे वटारून माझ्याकडे बघत होती. खाली राखणदाराची बायको जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिलेली. तिच्या हातात तवा होता, गाठोड्यात जायचा राहिलेला.

"तू कुठं पोचलास?" मी खांबाला विचारलं.

"ठाण्याच्या दारात. साहेब आत आहेत. का?"

"आत जाऊ नगंस."

"का पण?"

मी पायरीवर बसले आणि त्या काचेच्या डोळ्याकडे बघून सगळं सांगितलं. बाहुली माझी. कावळे नव्हते. दळायला मीच पाठवलं, तो जात नव्हता. राखते म्हणाले आणि शेजारणीकडे जाऊन बसले. बोलताना आवाज चढला, कारण खालीही ऐकू जायला हवं होतं. एका दमात एवढं खरं मी जन्मात बोलले नव्हते.

खांबातून ठेकेदाराचा आवाज आला, लांबून, "आयला, काकूंनीच कॅमेरा झाकला!" आणि मुलगा म्हणाला, "आई, काल रात्री तो माणूस आपल्या पायरीखाली उभा होता. तेव्हा का नाही बोललीस?"

मी दोरी कापली आणि बाहुली घेऊन खाली उतरले.

तक्रार झाली ती पांढऱ्या टेम्पोविरुद्ध आणि अनोळखी माणसांविरुद्ध. दुपारी दोघं परत आले. ठेकेदाराने मोबाईल पुढे केला, "घे बाबा, गैरसमज झाला." राखणदाराने तो घेतला, सदऱ्याला पुसला.

"ऱ्हातोस ना?" मुलाने विचारलं.

"ऱ्हातो. पन ह्यो कॅमेरा माझ्या बी मोबाईलवर दिसला पायजे."

ठेकेदार हसला. "राखनदाराला कशाला?"

"राखायचं म्या, आनि बगायचं तुमी? काल माझ्या हातात आसता तर गिरनीतनं टेम्पो दिसला आसता."

मुलाने तिथेच उभं राहून त्याच्या मोबाईलवर कॅमेरा जोडून दिला. मी त्याच्या बायकोपाशी गेले. तिने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, थकलेल्या डोळ्यांनी.

"मावशी, तुमी रातच्याला बोलला आसता तर म्या चूल इजवली नसती."

मी वाळकी लाकडं आणून दिली. तिने चूल पेटवली, पण गाठोडं सोडलं नाही. ते खोपटाच्या दारातच राहिलं, घट्ट बांधलेलं. हातातला तवाही तिने त्यातच खोचला आणि बाहेर राहिलेल्या एका पातेल्यात भात शिजवून भागवू लागली. आठ दिवसांनी दुसऱ्या प्लेटा आल्या, स्लॅब भरला. त्या सकाळी ती आमच्या दारात आली.

"मावशी, तवा देता का जरा?"

"तुझा कुठाय?"

"गाठुड्यात."

"मग सोड की आता."

"बगू," ती म्हणाली.

मी माझा तवा दिला.