काळी घ्यायची की पांढरी

गाडी घ्यायची म्हटली की गाडीच्या आधी किस्से येतात. आमच्या अंगणात अजून जागा मोकळी होती, घर मात्र किश्श्यांनी भरलं!

आम्ही इस्लामपूरजवळचे. ऊस आहे. माझा थोरला पोरगा महादेव फौजेतून रिटायर होऊन आला. धाकटा संजय रोपांची नर्सरी बघतो. दोघांच्या बायका, पोरं, चूल एकच. जुनी जीप थकली, तेव्हा सगळं घर मावेल अशी मोठी गाडी घ्यायचं ठरलं. महादेवला काळी, उंच गाडी पाहिजे. संजयला पांढरी, लांबडी. वाद पेटला आणि महादेव बोलून गेला, "मग तू तुझी घे, मी माझी घेतो!"

आमच्या आळीत ज्या दारात दोन गाड्या आल्या, तिथं मागोमाग दोन चुली आल्या.

*

काळी गाडी घेऊन शोरूमचा पोरगा आला. पांढरा शर्ट, चकचकीत बूट. महादेवनं गाडी थेट पाणी पाजलेल्या उसाच्या वाटेला घातली.

"साहेब, ही डेमो गाडी आहे!"

"मग डेमोच बघतोय की!"

चिखल गाडीच्या दारापर्यंत आला. ट्रॅक्टर न बोलावता गाडी बाहेर निघाली. मी सहसा कुणाला शाबासकी देत नाही. त्या दिवशी बॉनेटवर थाप मारली.

*

पांढरीची परीक्षा संजयनं घेतली. रोपांचे ट्रे, दुधाची किटली, दोन्ही सुना, सगळी पोरं, सगळं आत. गाडी कुरकुरली नाही. शोरूमवाला मात्र कुरकुरला.

"दादा, ही सात सीटर आहे."

संजय म्हणाला, "आमच्यात बारकी पोरं मोजत न्हाईत!"

*

सांगलीचे आमच्या ओळखीचे अप्पा, जैन व्यापारी, मुरलेला माणूस. त्यांना सल्ला विचारला. दोन्ही पोरं इंजिनाबद्दल बोलून दमली. अप्पा दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. घड्याळ बघत म्हणाले, "उजेडात घरी पोचवील ती घ्या," आणि उठलेच!

*

एकदा दोन्ही गाड्या एकाच वेळी दारात आल्या. आमची पारू, म्हणजे पोरांची आई, ताट घेऊन बाहेर. चाकांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, दोन्ही बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं.

"काकू, अजून बुकिंग नाही झालं!"

"दारात आलीया न्हवं? तशीच कशी धाडू?"

दुसऱ्या दिवशी शोरूमवाल्याचा फोन. दुसरं गिऱ्हाईक त्याच्यावर तापलं होतं, "दुसऱ्यानं पुजलेली गाडी मला दाखवतोस व्हय?"

*

वाद काही मिटेना. पोरं एकमेकांशी बोलायची बंद झाली. मग पारूनं स्वतः दोन्ही गाड्या परत बोलावल्या. चालवायला शोरूमचा पोरगा, त्याच्या शेजारी पुढं ती बसली, मला मधल्या सीटवर बसवलं. पोरांना म्हणाली, "तुमी दोघं मागं."

"आये, मागं बारकी पोरं बसत्यात!"

"बस म्हटलं न्हवं?"

दोघं सहा फुटी गडी पार मागच्या सीटवर शिरले. आधी काळी. कऱ्हाडपर्यंत जाऊन परत. वाटेत गाडीनं एकही खड्डा जाणवू दिला नाही, धक्के दिले ते या दोघांनीच एकमेकांना.

"गुडघा काढ तुझा!"

"तुझं ढोपार काढ आधी!"

दारात आल्यावर पारू उतरून पांढरीत बसली. पुन्हा तीच वाट, तीच जागा. जाताना मागं थोडी धुसफुस झाली. येताना आवाज बंद.

गाडी अंगणात थांबली. पारूनं मागं वळून पाहिलं. मीही पाहिलं. महादेव, काळीसाठी हटून बसलेला आमचा हवालदार, धाकट्याच्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होता. संजय अवघडून बसला होता, पण हलत नव्हता. ओठांवर बोट ठेवून त्यानं आईला खूण केली.

पारू शोरूमच्या पोराला हळूच म्हणाली, "हीच ठेवा. आन् दार जरा दमानं लावा."