तिसऱ्या वळणावरचा पाय

माझे साडू टेस्ट ड्रायव्हर. कारखान्यात त्यांना ‘ओळंबा’ म्हणत, कारण त्यांच्या हातातली गाडी रेघेवरून बोटभरही ढळत नसे. मी त्याच ट्रॅकच्या कडेला काचेच्या केबिनमध्ये बसून गाडीतून येणारे आलेख वाचणारा. नात्याने ते थोरले, आणि कामाने मी त्यांच्यावर नजर ठेवणारा. म्हणून जेवताना गाड्यांचा विषय काढायचा नाही, असं दोघी बहिणींनी आम्हाला बजावून ठेवलं होतं.

त्या वर्षी नवी लाल कूपे आली. दोन दारं, बुटकी, तापट. ताकद सगळी पुढच्या चाकांना, म्हणजे ओढायचंही त्यांनीच आणि वळायचंही त्यांनीच. अशी गाडी वळणात जोरात घातली की नाक बाहेरच्या बाजूला धावतं. किती धावतं ते पाहायला तिसऱ्या, लांब वळणावर ॲक्सिलरेटर तसाच दाबून धरायचा. घाबरून पाय उचलला की नाक आपोआप आत येतं, आणि चाचणी फुकट जाते.

साडूंनी अहवाल लिहिला की गाडी वळणात रेघेवर राहते, नाक जात नाही. आलेखात मात्र तिसऱ्या वळणावर त्यांच्या पायाची रेघ खाली बसलेली, म्हणजे पाय उचललेला. दहा फेऱ्या, दहाही वेळा.

कारण मला ठाऊक होतं. वर्षापूर्वी त्याच वळणावर दुसऱ्या एका गाडीची शेपूट फिरून ते खडीत उलटले होते. साधं खरचटलंही नाही, म्हणून सगळे विसरून गेले. पाय विसरला नव्हता.

दोन दिवस मी मूग गिळून बसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला समजावलं. पण ही गाडी उद्या कुणीतरी बायको-पोरांना घेऊन खऱ्या रस्त्यावर नेणार, हे डोक्यातून जाईना. शेवटी आलेख त्यांच्यापुढे ठेवला. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. आधी यंत्र बिघडलंय म्हणाले, मग माझं डोकं बिघडलंय म्हणाले, आणि निघून गेले.

त्यानंतर आठवडाभर त्यांच्या पायाला भिंगरी. मेव्हणी सांगायची, पाच मिनिटं खुर्चीत टेकत नाहीत, आणि टेकले तर टेबलाखाली उजवा पाय सारखा दाबत बसतात. सोमवारी अहवालावर सही व्हायची होती. सही केली तर न तपासलेली गाडी बाजारात जाणार. न करावी तर कारण सांगायचं, आणि पाय उचलणाऱ्या ड्रायव्हरला ट्रॅकवर कोण ठेवणार? माझाही जीव टांगणीला लागला होता.

सोमवारी सकाळी ते केबिनच्या दारात उभे.

“चल, शेजारी बस. रस्त्याकडे बघू नकोस, माझ्या पायाकडे बघ.”

मला गाड्यांबद्दल वाचायची हौस, त्यांत बसायची नाही. पट्टा आवळला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, पाय दगडासारखा. तिसऱ्यावर टायर किंचाळायला लागले आणि पाय वर आला. हळूच, झोपेत कूस बदलावी तसा.

“उचलला?”

खोटं बोलावंसं फार वाटलं. “उचललात, भाऊ.”

“मला कळलंच नाही रे.”

त्यांनी गाडी उभी केली, जुना अहवाल फाडला आणि साहेबांना नवा कागद लिहून दिला: तिसरं वळण तपासलेलं नाही, तिथे माझा पाय उचलला जातो, दुसऱ्या कुणाला बसवा.

दुपारी त्यांच्याच हाताखाली तयार झालेली ड्रायव्हर कूपेत बसली. साडू केबिनमध्ये माझ्या शेजारी उभे राहिले. तिसऱ्या वळणावर तिच्या पायाची रेघ सरळ राहिली, आणि लाल नाक बाहेर, आणखी बाहेर, थेट ट्रॅकच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यापर्यंत गेलं. गाडीत दोष होता. ती परत दुरुस्तीला जाणार होती.

माझं म्हणणं खरं ठरलं होतं, पण मला आनंद झाला नाही. मी साडूंच्या बुटाकडे बघत होतो. उजवा पाय त्यांनी फरशीवर दाबून धरला होता. कूपे वळणातून बाहेर पडेपर्यंत त्यांनी तो उचलला नाही.