आधी बसते, मागाहून बोलते

कुसुम गेल्याचं कळलं तेव्हा मी डाळ निवडत होते. पेणच्या एसटीडी बूथवरून तिच्या भाच्याचा फोन. "पहाटे गेली मावशी," एवढंच म्हणाला. मागे कुणीतरी घाई करत होतं. नातवंडांनो, हा लेख पुरवणीत छापून आला की तुमचे बाबा तो तिकडे परदेशात तुम्हांला वाचून दाखवतील. तुमच्या आजीला मराठी वाचायला कुसुमने शिकवलं, हे त्यांनाही ठाऊक नाही.

माझं सगळं शिक्षण सिमल्याला, इंग्रजीत; शाळेत हिंदीसुद्धा नव्हती. घरी मराठी बोलायचो, पण अक्षरांशी गाठ नव्हती. एक्याण्णव साली तुमच्या आजोबांच्या नोकरीमुळे आम्ही रोह्याला आलो. साहेबांची बायको म्हणून कुसुमच्या बालवाडीत बक्षिसं द्यायला मला बोलावलं. नावांचा कागद हातात आला आणि माझे कान तापले. "चष्मा विसरले," मी म्हटलं. चष्मा गळ्यातच लटकत होता... कुसुमने कागद घेतला, नावं वाचली, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ती दारात. "चल गो, माती मळायला माणूस हवंय." तिचं माहेर पेणचं, गणपतीच्या कारखान्याचं. तिथली शाडू आणून ती अक्षरं घडवायची. मुलं त्यांवरून बोट फिरवत आवाज काढायची. कमळ-बिमळ काही नाही, नुसतं क्, म्. माती मळता मळता मीही पुटपुटू लागले. अडले ती पहिल्या वेलांटीपाशी. 'कि'मध्ये वेलांटी आधी, मग आवाज क्-चा आधी कसा? मी 'इक्' वाचलं. पोरं खिदळली, "आजीला येत नाय!" मला मान वर करवेना.

"हसता काय रे?" कुसुम म्हणाली. "ही आधी येऊन बसते, पण बोलते मागाहून. काही माणसं पण तशीच असतात. व्हय ना गो?"

पुढे मी भराभर वाचू लागले. कुणी कौतुक केलं, की म्हणायचे, "लहानपणापासूनची सवय." एकदा हे कुसुमसमोरच म्हटलं. "खरं हाय," ती म्हणाली, "हिचं लहानपण आमच्या बालवाडीतच गेलंय!" सगळे हसले. मीही हसले, आणि तो विनोदच राहू दिला.

ती आजारी पडून माहेरी गेल्यावर मी पेणला गेले, ते सगळ्यांदेखत खरं सांगायचं ठरवून. तिच्या उशाशी बसले. पाहुणे आले, चहा झाला, परतीच्या गाडीची वेळ झाली, सांगायचं राहिलंच...

तिने दिलेली शाडूची वेलांटी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, बोटं फिरून फिरून गुळगुळीत झालेली. वर 'शिकवलं' हा शब्द लिहिण्याआधी मी उठून तिच्यावरून एकदा बोट फिरवून आले.