टंकलची पाठ

व्हर्ना लुंडीनचे गुडघे गेले ते वयामुळे नव्हे, धंद्यामुळे. ऑरलँडोच्या ज्या कारखान्यात ती एकतीस वर्षं करमणुकीच्या पार्कांतल्या सफरींसाठी पुतळे घडवत होती, तिथला दंडकच होता: काहीही बनवा, आधी गुडघ्यांवर बसून बघा. पोराला बाप घेऊन येतो, पण बघणारं पोर साडेतीन फुटांचं असतं. उभ्याने झकास दिसणाऱ्या पुतळ्याच्या खालून नुसत्या नाकपुड्या दिसतात. नवी मंडळी उभ्यानेच माना डोलवू लागली की व्हर्ना म्हणायची, "वाका जरा. कमरेला सोन्याचा मुलामा नाही दिलेला तुमच्या."

एवढी हाडं झिजवून हाती काय लागलं? तिने घडवलेल्या सात सफरींपैकी एकही उभी नव्हती. या धंद्यात असंच चालतं. लोकांना नवं हवं, मग जुनं पाडतात आणि त्यात कुणाचा जीव ओतलेला होता ते कुणी विचारत नाही. म्हणून टंकलचं काम आलं तेव्हा तिने निवृत्तीचा अर्ज मागे घेतला. सफरीची प्रमुख रमोना व्हिएरा, तिला व्हर्नाने सरळ सांगितलं, "एक तरी मागे राहू दे माझ्या हातचं. मग जाते मी."

टंकल म्हणजे नावाडी पाणमांजर. अंगात गॅलिसची, खांद्यांवरून पट्टे घेतलेली विजार, हातात वल्हं. चाळीस वर्षांपूर्वी शनिवारी सकाळी पोरं मांडीवर दूध-कॉर्नफ्लेक्सचा वाडगा घेऊन त्याचं कार्टून बघत बसायची. दर भागात तो कुणाला तरी नदीपार पोचवायचा आणि शेवटी काठावर उभा राहून हात हलवायचा. आता पार्कातल्या नावा त्याच्या धक्क्याभोवती पूर्ण गोल फिरणार होत्या. तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की एकशे बारा भागांत टंकलची पाठ एकदाही दिसलेली नाही.

"पाठच नाही गं त्याला," रमोना म्हणाली. "कागदावरचा प्राणी. मागची बाजू कोरी."

"मग मी देते," व्हर्ना म्हणाली.

इथेच ती चुकली. पण मूर्ती घडवणाऱ्याला कोरी बाजू बघवत नाही, त्याला कोण काय करणार? अकरा दिवस ती मातीत हात घालून बसली आणि हातातून आपसूक अर्लची पाठ उतरली. अर्ल म्हणजे तिचा नवरा. मार्चमध्ये गेला. व्हर्ना दवाखान्यात पोचली तोवर सगळं आटोपलं होतं, निरोप राहूनच गेला. अठ्ठावीस वर्षं रोज जेवण झालं की तो भांडी घासायचा आणि ती टेबलाशी बसून त्याची पाठ बघायची. उजवा खांदा जरा उतरलेला, गॅलिसचं मागचं बटण एका धाग्यावर लोंबणारं. ती म्हणायची, उद्या शिवते. तो म्हणायचा, घाई नाही. टंकलला ती पाठ मिळाली, लोंबत्या बटणासकट.

शुक्रवारी मिसेस डेमचॅक आल्या. टंकल काढणाऱ्या मिलर्ड डेमचॅकची ही विधवा, वय शहाऐंशी. ओहायोहून येताना सँडविचसुद्धा घरचं बांधून आणलेलं. त्यांच्या सहीशिवाय टंकलचा केसही कुठे वापरता येत नव्हता, आणि सोमवारी नावांच्या कालव्यात काँक्रीट पडणार होतं. ते पडलं की बदल बंद. सही मिळाली नाही तर सफरच बंद.

कारखान्याच्या फरशीवर चिकटपट्टीने कालवा आखला होता. कडेने पुठ्ठ्याची झाडं, मधोमध टंकल. मिसेस डेमचॅकना चाकांच्या खुर्चीत बसवून रमोनाने ढकलत नेलं. टंकलचं तोंड दिसताच म्हातारी हसली. "आलास का रे," म्हणाली. खुर्ची मागच्या बाजूला गेली आणि त्यांनी रमोनाचा हात धरला.

"थांबव. ही पाठ कुणाची?"

"माझ्या नवऱ्याची," व्हर्ना म्हणाली. "भांडी घासताना."

म्हातारीने लोंबतं बटण न्याहाळलं. "चांगला माणूस असणार. पण मी सही करायची नाही."

व्हर्नाने नुसते हात पुसले.

"मिलर्ड सहा वर्षांचा होता तेव्हा बाप घर सोडून गेला," मिसेस डेमचॅक म्हणाल्या. "चेहरा काही केल्या आठवायचा नाही त्याला. फाटकातून जाणारी पाठ तेवढी आठवायची. म्हणायचा, माझ्या टंकलची पाठ एकाही पोराला दिसणार नाही. मरेपर्यंत पाळलं त्याने. आता मी मोडू?"

"त्याला फिरता ठेवू," रमोना घाईने म्हणाली. "नाव जाईल तसं त्याचं तोंड वळेल."

"दर वीस सेकंदाला एक नाव," व्हर्ना म्हणाली. "मागचीकडे वळला की पुढचीला पाठ."

"मग राहू दे सफर," म्हणत मिसेस डेमचॅकनी पर्स उचलली.

व्हर्नाला काय करावं कळेना. कळेनासं झालं की ती करायची तेच तिने केलं. चिकटपट्टीजवळ गेली, कण्हत गुडघ्यांवर बसली आणि साडेतीन फुटांवरून बघू लागली. टंकल हात वर करून उभा होता. बसल्या बसल्या ती म्हणाली, "अहो, हा कुठे जातोय? हा तर काठावरच आहे. जातो आपण."

"म्हणजे?" रमोनाने विचारलं.

"गोल फिरायचंच नाही. धक्का भिंतीला टेकव. नाव त्याच्यापुढे येईल, त्याच्याकडे तोंड करून वळेल आणि तशीच उलटी, मागे मागे निघेल. खुर्ची उलटी ओढ. हळू."

रमोनाने ओढली. मिसेस डेमचॅक टंकलकडे तोंड करून मागे मागे जात राहिल्या. तो लहान लहान होत गेला आणि हात हलवल्यासारखा दिसत राहिला. दाराशी पोचल्यावर त्यांनीही हात वर केला. डोळे पुसायच्या भानगडीत न पडता त्यांनी पेन मागितलं.

तोवर व्हर्ना टंकलच्या पाठीवर सुरी लावून उभी होती.

"आता काय करतेस?" रमोनाने विचारलं.

"ही बाजू भिंतीकडे येणार. दिसत नाही ते घडवायचं नाही, असा इथला नियम आहे."

"मिलर्डची हरकत पोरांपुरती होती," म्हातारी म्हणाली. "तुला दिसली तर त्याचं काय बिघडतंय? ठेव ती सुरी."

सफर पुढच्या वसंतात सुरू झाली. त्या सकाळी पार्काची फाटकं उघडायच्या आधी व्हर्ना भिंत आणि टंकल यांच्यामधल्या दीड फुटात अंग तिरकं करून शिरली. टंकलचे कपडे खऱ्या कापडाचे होते, आणि शिवणखात्याने तिने सांगितल्याप्रमाणे बटण एका धाग्यावर लोंबतं ठेवलं होतं. तिने खिशातून सुईदोरा काढला.

"अगं, असंच हवं म्हणून तूच भांडलीस ना?" बाहेरून रमोना म्हणाली.

"मला माझ्या हाताने शिवायचं होतं."

चार टाके घालून तिने दोरा दाताने तोडला. मग पुढे येऊन पहिल्या नावेत एकटीच बसली. नाव वळली आणि उलटी निघाली. टंकल हात हलवत होता. भिंतीकडच्या त्या पाठीला व्हर्नाने निरोप दिला, सावकाश, मार्चमध्ये राहिलेला, आणि नाव बाहेर येईपर्यंत तिचा हात खाली आला नाही.