पानं न बघता दुप्पट

पत्त्यांची बैठक मोडली तरी किस्से उठून जात नाहीत. एक सांगावा तर मागून दुसरा डोकावतो. भोरला आमच्या ओसरीवर बाजाराच्या दिवशी दुपारी तीनपत्ती चाले. पैसे नाहीत, चिंचोके! मात्र शेवटचा डाव जिंकेल त्याने एक गोष्ट मागायची आणि ती कोणी नाकारायची नाही, असा आमचा कायदा.

अण्णा वकील शिकवत, "तीन राजे आले, म्हणजे जिंकलातच, की गरिबासारखा एकच चिंचोका सरकवायचा. काहीच नसलं की दुप्पट!" हे त्यांनी इतक्यांना शिकवलं, की त्यांनी दुप्पट केली की सगळे हसत.

*

कचेरीतले बापू कारकून जन्मभर एकच चिंचोका सरकवत आले. एकदा अचानक दुप्पट! आम्ही घाबरून पानं टाकली. बापूंकडे दुर्री, पंजी, सत्ती! आणि मागितलं काय? अण्णांच्या मिशा!

अण्णांनी कायदा पाळला. दुसऱ्या दिवशी कोर्टात जो तो हळूच विचारी, "वडील की आई?" घरी दोघंही ठणठणीत!

*

पासलीचे सखाराम पानं उचलतच नसत. "म्या न्हाई बघत. बघितली की माजं तोंडच सांगतंय!" एकदा जिंकले आणि म्हणाले, "वकीलसायेब, उद्या भातलावणीला या."

अण्णा खरंच गेले, गुडघाभर चिखलात! पुढच्या बाजारी आम्ही विचारलं, "कशी झाली लावणी?"

"झाली की! वकीलसायबांनी लावल्याली समदी आमी दुसऱ्या दिशी पुन्ना लावली."

*

माझी पत्नी आतून चहा पाठवी. ओसरीवर कधी बसली नाही. एका वर्षी ती अंथरुणाला खिळली. डॉक्टर म्हणाले, पुण्याला नेऊन ऑपरेशन करून पाहा. आशा मात्र थोडी. तिला जायचं नव्हतं. मी मोटार ठरवली होती.

आदल्या दुपारी ती भिंतीला धरत बाहेर आली. "शेवटचा डाव ना? मलाही वाटा."

तिने पानांना हात न लावता दुप्पट केली. बापूंनी टाकली, सखारामांनी टाकली.

"वहिनी, निदान पानं तरी बघा!" अण्णा म्हणाले.

"बघितली की धीर सुटतो, भावोजी." पुन्हा दुप्पट. अण्णांनीही टाकली.

राहिलो मी. मी जिंकलो तर काय मागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी माझी पानं पाहिली, जरा वेळ हातात धरली आणि पालथी खाली ठेवली.

"मला पुण्याला नेऊ नका," ती म्हणाली.

गोळा करताना अण्णांनी माझी पानं उलटली. तीन राजे.

तिची तीन पानं उचलून त्यांनी, न बघताच, गड्डीत मिसळली.